फोटोग्राफी छंद की धंदा, अन् त्यानं पगारातला टॅक्स वाचते का?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही चिमूर तालुक्यात जि.प. शाळेवर शिक्षक, वर्षाचा पगार 11 लाख 20 हजार. बारा वर्षांपासून ताडोबाचा नाद आहे, सुटी दिसली की कोलारा गेट. मागच्या वर्षी कॅमेरा, दोन लेन्स, ड्रोन मिळून 3 लाख 40 हजार घातले, त्यातली एक लेन्स नागपूरहून जुनी घेतली 85 हजारात, नगदी. लग्नाच्या 8-9 ऑर्डरी केल्या, वाघाची कॅलेंडरं विकली, एका रिसॉर्टचं शूट केलं अन् त्यांनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ टॅक्स, कापला. सगळं मिळून 1 लाख 90 हजार आले. आता मेहुणे म्हणतात धंदा दाखवा, तोटा काढा, पगारातला टॅक्स परत येते. शाळेतले मित्र म्हणतात छंद आहे म्हणा, काहीच दाखवू नका. अन् कोणत्यातरी व्हिडिओत तुम्ही ऐकलं की 5 पैकी 3 वर्षं नफा झाला तरच धंदा धरतात.

मी 22 वर्षांपासून तालुक्याच्या गावी रिटर्न भरायचं काम करतो, माझ्याकडे येणारे निम्मे शिक्षकच आहेत, बाकी कास्तकार अन् छोटे दुकानदार. हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत येते, कधी फोटोग्राफी असते, कधी बकऱ्या, कधी मधाच्या पेट्या, कधी ट्यूशन. म्हणून जरा बसून लिहितो. लांब होईल, पण पूर्ण वाचा, कारण या तिन्ही सल्ल्यांत एकेक चूक आहे अन् तिन्ही चुका महाग पडू शकतात.

पहिले मेहुण्यांचं घेतो कारण खरा प्रश्न तिथं आहे. तुम्ही विचारलं "छंद की धंदा", पण तुम्हाला पाहिजे आहे पगारातून कापलेला टॅक्स परत. ते होत नाही. आयकर कायद्यात कलम 71(2ए) आहे, त्यात सरळ लिहिलं आहे की धंद्याचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. 2005-06 या कर निर्धारण वर्षापासून हे लागू आहे, त्याच्याआधी करता येत होतं आणि लोक करतही होते, म्हणून तर बंद केलं. मेहुण्यांना कोणी जुन्या माणसानं सांगितलं असेल तर त्याच्या काळात ते खरं होतं. आता धंद्यात खरोखर तोटा झाला तर तो त्याच वर्षी घरभाड्यातून वजा होते, बँकेच्या व्याजातून होते, अन् उरला तर पुढची 8 वर्षं फक्त धंद्याच्याच नफ्यातून वजा करता येते, तेही रिटर्न मुदतीच्या आत भरलं असेल तरच. पगाराला हात लागत नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या फोटोग्राफीला शंभर वेळा धंदा म्हटलं तरी ट्रेझरीतून कापलेला टॅक्स त्यामुळे एक रुपयानं कमी होत नाही.

यावर एखादा हुशार माणूस म्हणेल की मग धंदा नका म्हणू, "इतर उत्पन्न" म्हणा, त्याच्या तोट्याला तर ही बंदी नाही. कागदावर तसं दिसते खरं. पण इतर उत्पन्नात खर्च कोणता मिळते तं जो पूर्णपणे फक्त ते उत्पन्न कमवायसाठी केला तोच, आणि भांडवली खर्च, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू घ्यायचा, नाही. कॅमेरा भांडवली झाला, तो गेला. त्याचा घसारा, म्हणजे वस्तू वापरून जुनी होते त्याची दरवर्षीची वजावट, तीही तिथं मिळत नाही, मशीन भाड्यानं देत असाल तर गोष्ट वेगळी. कोलारा गेटची फी, जिप्सीचं भाडं, ते तुम्ही वाघ पाहायसाठी दिलं, कॅलेंडरसाठी नाही, निदान सगळं तर नाहीच. मग तोटा उरतेच कुठं? मी आजपर्यंत असा तोटा कोणाच्या पगारातून वजा केला नाही आणि करणारही नाही.

आता ते 5 पैकी 3 वर्षांचं. तो नियम खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे. त्यांच्या कायद्यात कलम 183 आहे, त्यात 5 पैकी 3 वर्षं नफा दाखवला तर तुम्ही नफ्यासाठीच काम करता असं धरून चालतात, घोड्यांच्या पैदाशीला आणि शर्यतीला तर 7 पैकी 2 वर्षं पुरतात. तेही नुसतं गृहीतक आहे, नाही जमलं तर तिथला माणूस बाकीचे मुद्दे मांडू शकते, त्यांच्या नियमात असे 9 मुद्दे लिहून ठेवले आहेत. तिथं हा नियम काहून लागतो ते पहा, कारण तिथं धंद्याचा तोटा पगारातून वजा होते, म्हणून श्रीमंत डॉक्टर-वकील घोडे पाळायचे अन् तोटा दाखवायचे. आपल्याकडे पगाराचं दार आधीच बंद आहे म्हणून असा वर्षं मोजायचा नियम करायची तेवढी गरज पडली नाही. आपल्या आयकर कायद्यात "छंद" हा शब्द धंद्याच्या व्याख्येत कुठंच नाही. मात्र शर्यतीच्या घोड्यांचं वेगळं कलम आहे, 74ए, त्यात घोडे पाळायचा तोटा फक्त घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा होते, आणि 4 वर्षंच पुढं नेता येते. म्हणजे महागडा नाद कोणता ते आपल्या कायद्यालाही माहीत आहे.

इथं थोडं थांबून आपल्याकडच्या शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मधे शर्यतींचा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवल्यापासून पट जोरात सुरू आहेत, अन् पटाची जोडी ठेवणारे दोन-तीन जण मला विचारून गेले की बैलाची खुराक, गड्याची मजुरी, बंडी, हे सगळं बक्षिसातून वजा करता येईल का. नाही येत. रेसच्या बक्षिसाला कलम 115बीबी आहे, "रेस" हा शब्द तिथं लिहिलेला आहे, सरसकट 30 टक्के, अन् त्यातून खर्च म्हणून काहीच मिळत नाही. एका भाऊनं विचारलं, "मी वर्षभर त्या जोडीला लेकरासारखं सांभाळतो, मग?" मला त्यांचं दुःख कळते, पण उत्तर तेच आहे. बैल शेतीच्या कामाचा असेल तर शेतीच्या हिशोबात घ्या, पटाचा असेल तर नाही.

आता तुमच्या मित्रांचा सल्ला, "छंद म्हणा, काही दाखवू नका". यातली चूक सगळ्यात मोठी आहे. छंदाचा पैसा टॅक्सच्या बाहेर असते असं लोकं समजून बसले आहेत. तसं नाही. पैसा आला तर तो कुठल्यातरी रकान्यात बसतेच, धंद्यात नाही बसला तर इतर उत्पन्नात बसते. घरातला जुना कॅमेरा विकला, जो तुम्ही घरीच वापरत होते, तर तो घरगुती वस्तूत जाते, त्यावर काही लागत नाही. पण तुम्ही मेहनत केली, सेवा दिली, समोरच्यानं पैसे दिले, ते उत्पन्न झालं, मग तुम्हाला ते काम करताना कितीही आनंद होत असो.

यावर एक फार जुना निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा, 1950 च्या दशकातला, पी. कृष्ण मेनन यांचा. हे त्रावणकोरचे निवृत्त पोलीस अधिकारी, वेदान्त शिकवायचे. कोणाकडून फी मागत नव्हते. लेव्ही नावाचे एक शिष्य इंग्लंडचे, त्यांनी गुरूंना मोठ्या रकमा दिल्या. प्रश्न आला की ही भेट की उत्पन्न. न्यायालय म्हणालं की शिकवणं हा त्यांचा व्यवसाय आहे, त्याला नफ्याचा हेतू असणं जरुरी नाही, संघटित असणंही जरुरी नाही, अन् पैसे शिकवण्यामुळेच आले म्हणून ते उत्पन्न. मी हा निकाल खूप वेळा सांगतो, कारण आपल्याकडे कीर्तनकार आहेत, खंजिरी भजनवाले आहेत, ते म्हणतात आम्ही बिदागी मागत नाही, लोकं प्रेमानं देतात. प्रेमानं देतात हे खरं आहे, पण कीर्तन केलं म्हणून देतात. जो माणूस महिन्यातून पंधरा दिवस गावोगाव फिरते त्याची बिदागी उत्पन्न आहे. गावातल्या सप्त्यात वर्षातून एकदा सेवा म्हणून उभा राहिला आणि कोणी नारळ अन् पाचशे एक रुपये हातात ठेवले, त्याच्यामागे कोणी येत नाही आणि येऊही नये.

तर मग धंदा ओळखायचा कसा. कायद्यातली व्याख्या लहान आहे, कलम 2(13), व्यापार, वाणिज्य, उत्पादन आणि त्या प्रकारचं कोणतंही साहस. 1954 मधे सर्वोच्च न्यायालयानं नारायण स्वदेशी वीव्हिंग मिल्सच्या निकालात सांगितलं की धंदा म्हणजे खरं, पद्धतशीर, ठरवून केलेलं काम, ज्याच्यामागे पक्का हेतू आहे. अन् एकदाच केलेला व्यवहारही धंद्यात जाऊ शकते, वेंकटस्वामी नायडूंच्या निकालात कोईम्बतूरजवळची जमीन घेऊन पुढं गिरणीलाच विकली, घेतानाच विकायचा हेतू होता म्हणून तो एकच व्यवहार व्यापारात धरला. म्हणजे मोजमाप एक नाही, सगळं चित्र पाहावं लागते. माझ्याकडे कोणी आलं तर मी कायद्याचं पुस्तक उघडत नाही पहिले, मी विचारतो वही आहे का. ऑर्डर कुठं लिहिता, अ‍ॅडव्हान्स किती घेता, दर ठरलेला आहे का तोंड पाहून, गिऱ्हाईक ओळखीचंच आहे की बाहेरचंही येते, पैसे वेगळ्या खात्यात येतात का घरखर्चाच्याच. आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न, मागच्या वर्षी तोट्यात गेले तर या वर्षी काय बदललं? धंदेवाला काहीतरी बदलते, दर वाढवते, गडी कमी करते, दुसरा माल धरते. छंदवाला म्हणते, जाऊ द्या, मजा आली. हा प्रश्न कायद्यात कुठं लिहिलेला नाही, माझा स्वतःचा आहे, पण वीस वर्षांत त्यानं मला फार क्वचित चुकीचं उत्तर दिलं.

तुमच्या बाबतीत मला सरळ दोन गोष्टी दिसतात आणि तुम्ही त्या एकात मिसळून ठेवल्या आहेत. लग्नाच्या ऑर्डरी अन् रिसॉर्टचं शूट, हा धंदा आहे. बाहेरचे गिऱ्हाईक, ठरलेला दर, अ‍ॅडव्हान्स, अल्बमची डिलिव्हरी, वर्षात 8-9 वेळा, पुढच्या सीझनच्या तारखा आताच बुक आहेत असं तुम्हीच लिहिलं. ताडोबा हा छंद आहे. जंगलात जाणं तुम्ही कॅलेंडर नाही विकलं तरी सोडणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळते, "मंगळवारी गेट बंद असते तर जीव लागत नाही" असं लिहिणारा माणूस तिथं कमवायला जात नाही. त्या छंदातून कॅलेंडरचे थोडे पैसे आले, ते पैसे दाखवायचे, त्याच्या छपाईचा खर्च घ्यायचा, पण बारा महिन्याच्या सफारीचा खर्च त्यात ओढायचा नाही. एखादी सफारी खरंच कॅलेंडरच्या ऑर्डरीसाठी केली, समोरच्यानं आधी मागणी लिहून दिली, तर तेवढी घ्या, कागद जोडून.

आता कॅमेऱ्याचं. एकच कॅमेरा दोन्हीकडे चालते, तर कायदा म्हणते जितका धंद्यासाठी वापरला तितकाच हिस्सा, कलम 38. हिस्सा काढायचा कसा तर डायरीवरून. समजा वर्षात कॅमेरा 60 दिवस बाहेर निघाला, त्यातले 24 दिवस लग्न अन् रिसॉर्ट, म्हणजे 40 टक्के. घसारा 15 टक्के दरानं, पण ज्या वर्षी घेतला त्या वर्षी धंद्याला लावल्यापासून 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नसतील तर अर्धा, हे दिवस डायरीतल्या 60 दिवसांसारखे मोजायचे नाहीत. आता तुमची ती 85 हजाराची लेन्स. नगदी घेतली ना. एका दिवशी एका माणसाला 10 हजाराच्या वर नगदी देऊन घेतलेली मालमत्ता घसाऱ्याच्या किमतीत धरतच नाहीत, ती रक्कम शून्य. बिल असलं तरी. मला हे सांगताना वाईट वाटते कारण जुनी लेन्स विकणारा बहुतेक नगदीच मागते, पण पुढच्या वेळी यूपीआय करा किंवा चेक द्या. अल्बम छापणाऱ्या लॅबलाही तेच, एका दिवशी 10 हजाराच्या वर नगदी दिले तर तो खर्चही उडते.

तर हिशोब करून पाहू. 3 लाख 40 हजारातून 85 हजार गेले, राहिले 2 लाख 55 हजार. सामान 180 दिवसांच्या नियमात अडकत नाही असं धरून 15 टक्के म्हणजे 38,250, त्याचे 40 टक्के 15,300. तुम्ही दिलेला खर्च, हेल्पर 35 हजार, अल्बम आणि कॅलेंडरची छपाई 48 हजार, पेट्रोल 12 हजार, सॉफ्टवेअर 9 हजार, झाले 1 लाख 4 हजार. 1 लाख 90 हजारातून हे दोन्ही वजा केले तर 70,700 नफा. पहा, तोटा नाहीच! मेहुण्यांना तोटा दिसला कारण त्यांनी पूर्ण 3 लाख 40 हजार एकाच वर्षाचा खर्च धरला. ही चूक मी दर वर्षी पाहतो, मशीन घेतली की लोकं समजतात तेवढं नुकसान झालं.

दुसरा रस्ता 44एडी, अंदाजे नफ्याचा. 2 कोटीच्या आतल्या धंद्याला बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर निदान 6 टक्के, नगदीवर निदान 8 टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची सक्ती नाही, घसारा वेगळा मागता येत नाही. 44एडीए मात्र तुमच्यासाठी नाही, ते डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा यादीतल्या पेशांना आहे, लग्नाचा फोटोग्राफर त्यात येत नाही, म्हणून मी फोटोग्राफरांना 44एडी मधे घेतो. तुमचे 1 लाख 30 हजार बँकेतून अन् 60 हजार नगदी धरले तर 7,800 अधिक 4,800, म्हणजे 12,600. आता तुम्ही म्हणाल 70,700 पेक्षा 12,600 बरे. इथं माझं मत साफ आहे. 6 अन् 8 हा किमान आकडा आहे, तुम्हाला तुमचा खरा नफा माहीत आहे अन् तो जास्त आहे, मग खराच दाखवा. फायदाही आहे, तो खाली सांगतो. शिवाय 44एडी मधे एकदा शिरून मधल्याच वर्षी बाहेर निघाले तर पुढची 5 वर्षं परत जाता येत नाही, हे आधी समजून घ्या.

आणि आता ज्यासाठी एवढा खटाटोप चालला तो टॅक्स पाहू. 2025-26 ला नवीन पद्धतीत 11 लाख 20 हजारातून 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, 10 लाख 45 हजार. त्यात पूर्ण 70,700 टाका, 11 लाख 15 हजार 700. 12 लाखाच्या आत रिबेट आहे, टॅक्स शून्य! बँकेचं व्याज वगैरे काही मोठं असेल तर ते मिळवून पहा, पण 84 हजार जागा अजून शिल्लक आहे. म्हणजे खरं दाखवूनही तुम्हाला काही भरायचं नाही, कापलेला टीडीएसही परत येते. मग लपवायचं कशासाठी? हे सगळं तुम्ही नवीन पद्धतीत असाल तर. तुम्ही लिहिलं नाही, पण पगारातून टॅक्स कापते म्हणता म्हणून मला शंका आहे की शाळेत तुम्ही जुनी पद्धत निवडून बसले आहात, गृहकर्जासाठी वगैरे. जुनीत हिशोब वेगळा येईल अन् तो तुमचं कर्ज, विमा, भविष्य निर्वाह निधी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

आणि याच्यात एक गोष्ट लपलेली आहे जी शिक्षकांना कोणी सांगत नाही. नुसता पगार असेल तर दर वर्षी जुनी-नवीन बदलता येते. धंद्याचं उत्पन्न आलं की नाही. जुनीत जायचं तर 10-आयईए फॉर्म मुदतीत भरावा लागते, आणि तिथून नवीनमधे आले की परत जुनीत जायचा रस्ता बंद, धंदा सुरू आहे तोपर्यंत. म्हणजे तुमच्यासाठी "धंदा" या शब्दाचा खरा परिणाम तोट्यात नाही, इथं आहे. गृहकर्ज 3-4 वर्षांत संपणार असेल तर हा विचार आताच करा. फॉर्मही बदलते, आयटीआर-1 चालत नाही, 44एडी असेल तर आयटीआर-4, वह्यांवरून असेल तर आयटीआर-3. शाळेत एकच माणूस सगळ्या स्टाफचे आयटीआर-1 भरून देते, त्याच्याकडून हे होणार नाही.

तो रिसॉर्टचा टीडीएस हलक्यात घेऊ नका. कापला म्हणजे 26एएस आणि एआयएस मधे, आयकर खात्याकडच्या तुमच्या टॅक्स अन् उत्पन्नाच्या नोंदीत, तुमच्या पॅनवर ती रक्कम दिसून राहिली, अन् रिटर्नमधे ती नसली तर पडताळणीत फरक आपोआप निघते. माझ्याकडच्या एका शिक्षकाचं असंच झालं, ट्यूशन क्लासवाल्यानं टीडीएस कापला, सरांनी सवयीनं आयटीआर-1 भरून टाकलं, नोटीस आली तेव्हा त्यांना आठवलंच नाही की हे कशाचे पैसे. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या टॅक्सच्या 50 टक्के दंड आहे, जाणूनबुजून खोटं केलं तर 200 टक्के. त्या सरांचा टॅक्स थोडाच होता, पण दोन महिने झोप नव्हती माणसाला.

खरं दाखवायचा फायदा सांगतो म्हटलं होतं. आमच्या इकडं एक ताई आहेत, पापड-कुरडया आणि लोणचं करतात. सुरुवातीला नातेवाईकांना द्यायच्या, मग कोणी पैसे द्यायला लागलं, मग आठवडी बाजारात बसल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे तं माझं असंच आहे, वेळ जाते." मी वही मागितली, तर मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं, तेल किती, मिठाचं पाकीट किती, कोणाची उधारी. मी म्हटलं ताई हा धंदा आहे, रिटर्न भरा. टॅक्स काहीच नव्हता, तरी 3 वर्षं भरलं. चौथ्या वर्षी मशीनसाठी कर्ज पाहिजे होतं, बँकेनं पहिले रिटर्नच मागितले, अन् 3 वर्षांचे तयार होते. उद्या तुम्ही निवृत्त होऊन चिमूरला स्टुडिओ टाकतो म्हणाल तेव्हा 12,600 नफ्याचा कागद काय कामाचा? 70,700 चा कामाचा आहे.

दोन-तीन बारीक गोष्टी. बायकोच्या नावानं दाखवू का असं शेवटी विचारलं तुम्ही. वहिनी खरंच शूट करत असतील, एडिटिंग त्यांचं असेल, गिऱ्हाईक त्यांना ओळखत असतील तर ते त्यांचंच उत्पन्न. नुसते पैसे त्यांच्या खात्यात वळवले तर नाही, मेहनत ज्याची उत्पन्न त्याचं. जीएसटीची चिंता सध्या करू नका, सेवेला 20 लाखाची मर्यादा आहे अन् तुम्ही तिच्या आसपासही नाही, फक्त हे ध्यानात ठेवा की जीएसटीच्या कायद्यात धंद्याची व्याख्या आणखी मोठी आहे, तिथं नफा असो-नसो, काम सारखं असो की एकदाच, तरी धंदाच. म्हणून "इन्कम टॅक्समधे छंद म्हणून सुटलो तं इकडेही सुटलो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि तुमच्या भावाच्या बकऱ्यांचं म्हणाल तर दूध, बकऱ्या, कोंबड्या, मधमाशा हे शेतीच्या वावरात असले तरी शेती उत्पन्न नाही, 1957 च्या राजा बिनॉय कुमार यांच्या निकालापासून नांगरणी-पेरणीसारखं जमिनीवरचं मूळ काम पाहिजे हे ठरलेलं आहे. रोपवाटिकेची रोपं मात्र कायद्यानं शेतीत धरतात. भावाला वेगळं येऊन भेटायला सांगा.

नोकरीचं शेवटी लिहितो पण तुम्ही ते पहिले करा. टॅक्समधे धंदा दाखवणं आणि जि.प. कर्मचाऱ्यानं धंदा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1967 चे जिल्हा परिषद वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेत. सरकारी वर्तणूक नियमांत खाजगी धंद्याला आधी परवानगी लागते, कधीमधी केलेल्या कला-साहित्याच्या कामाला मात्र सूट देतात. वाघाचे फोटो कलेत बसतील, सीझनभर लग्नाच्या ऑर्डरी बसतील असं मला वाटत नाही. शिक्षण विभागात लेखी अर्ज करून परवानगी घ्या, पोच घ्या. परवानगीच्या भीतीनं उत्पन्न लपवायचं हा उपाय नाही, त्यानं एका चुकीच्या दोन होतात.

कलमांचे नंबर मी जुन्या 1961 च्या कायद्याचे दिले कारण 2025-26 चं रिटर्न त्याच कायद्यानं आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा 2025 लागू झाला, त्यात नंबर बदलले, म्हणून पुढच्या वर्षी हे नंबर घेऊन कोणाशी वाद घालू नका.

सध्या एवढं करा. एक साधी दोनशे पानी वही घ्या, एका बाजूनं तारीख, गिऱ्हाईक, किती आले, कसे आले, दुसऱ्या बाजूनं खर्च, अन् मागच्या पानांवर कॅमेरा कोणत्या दिवशी कुठं नेला ते. मागच्या वर्षाचं मोबाईलमधल्या फोटोंच्या तारखांवरून भरता येईल, फोटोग्राफरला तेवढा फायदा आहे. एक वेगळं बचत खातं फक्त ऑर्डरीच्या पैशासाठी. आणि मला तीन गोष्टी कळवा: शाळेत जुनी पद्धत दिली की नवीन, गृहकर्ज किती वर्षं राहिलं, अन् 26एएस मधे रिसॉर्टच्या रकमेपुढं कलम कोणतं दिसते, 194सी (ठेक्याचं काम) की 194जे (व्यावसायिक फी). त्याच्यावरून फॉर्म कोणता भरायचा ते सांगतो.